हान्स हेरमान फोन काट्टे (१७०४–१७३०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट, याचं कुठलंही चरित्र उघडा. सुरुवातीच्या प्रकरणांतच एका तरुण लेफ्टनंटचं डोकं उडतं, युवराज बेशुद्ध पडतो आणि पुढच्या पानापासून चरित्र पुन्हा युवराजाचं होतं. लेफ्टनंट तिथेच राहतो. त्याच्याबद्दल वाचक जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे.

हा काट्टे नेमका कोण?

प्रशियाच्या घोडदळातला एक अधिकारी. जन्म २८ फेब्रुवारी १७०४, बर्लिन. मृत्यू ६ नोव्हेंबर १७३०, ओडर नदीकाठच्या क्युस्ट्रिन किल्ल्यात, तलवारीच्या एका घावाने. वय सव्वीस. अठरा वर्षांचा युवराज फ्रेडरिक बापाच्या जाचाला कंटाळून देश सोडून पळायला निघाला होता आणि त्या बेतात काट्टे सामील होता. युवराज वाचला, पुढे राजा झाला, जगाने त्याला ‘द ग्रेट’ म्हटलं. काट्टे वाचला नाही.

आडनावाचा उच्चार काय?

जर्मनमध्ये पहिल्या अक्षरावर जोर देऊन, शेवटचा स्वर तोंडातल्या तोंडात. मराठीत ‘काटे’ लिहिलं की घड्याळाचे नाहीतर बाभळीचे आठवतात, म्हणून इथे ‘काट्टे’ लिहिलं आहे.

नावात ‘फोन’ आहे, म्हणजे तो काउंट होता का?

नाही. ‘फोन’ म्हणजे घराणं खानदानी, एवढंच. जर्मनीत अशी बिनपदवीची शेकडो घराणी होती. गावाकडे जमीन, एक वाडा, चर्चमध्ये दफनासाठी स्वतःचं तळघर आणि मुलगा राजाच्या फौजेत, हा त्यांचा थाट. काट्टे घराण्याचं गाव वुस्ट, एल्ब नदीच्या पूर्वेला, आजच्या जाक्सेन-आनहाल्ट राज्यात. काउंट ही पदवी घराण्याच्या या शाखेला मिळाली १७४० मध्ये, हान्स हेरमान जाऊन दहा वर्षं झाल्यावर. ती का मिळाली, ते पुढे येईलच.

आईकडचं घराणं मात्र जास्त वजनदार होतं. आई फोन वार्टेन्सलेबेन घराण्यातली आणि तिचे वडील, म्हणजे याचे आजोबा, प्रशियाचे फील्ड मार्शल. वडील हान्स हाइनरिश हेही मोठ्या हुद्द्यावरचे घोडदळ अधिकारी, पूर्व प्रशियात तैनातीला. आई तो अगदी लहान असतानाच गेली.

तो आधीपासूनच शिपाईगिरीसाठी तयार होत होता का?

नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात चटका लावणारा वाटतो. त्याला शिकवलं गेलं ते कलम चालवायला. हाले शहरात धर्मोपदेशक फ्रांके यांनी काढलेली प्रसिद्ध धर्मनिष्ठ शाळा, मग क्योनिग्सबेर्ग आणि हॉलंडमधल्या उट्रेश्त विद्यापीठात कायदा आणि फ्रेंच, मग त्या काळच्या खानदानी मुलांप्रमाणे परदेश प्रवास. बासरी वाजवायचा, चित्रं काढायचा, कविता करायचा, गणित आणि यंत्रशास्त्रात रस होता. सगळी लक्षणं दरबारातल्या नाहीतर वकिलातीतल्या नोकरीची.

पण गादीवर होता युवराजाचा बाप, फ्रेडरिक विल्हेल्म पहिला. इतिहास त्याला ‘शिपाईराजा’ म्हणतो. स्वतः कायम गणवेशात, फौज वडिलांकडून मिळाली त्याच्या दुप्पट केलेली, पोट्सडाममध्ये युरोपभरातून गोळा केलेल्या सहा फुटी जवानांची खास पलटण. पुस्तकी माणसांची त्याला चीड. अशा राज्यात वर जायचं तर अंगावर गणवेश हवा, हे उघड होतं. १७२४ मध्ये काट्टे ‘जाँ दार्म’ या पलटणीत दाखल झाला आणि पुढे लेफ्टनंट झाला.

ही पलटण म्हणजे साधीसुधी नव्हे. चिलखती घोडदळ, बर्लिनमध्येच मुक्काम, राजाच्या नजरेसमोर. बर्लिन पाहून आलेल्यांना जाँदार्मेनमार्क्ट हा देखणा चौक आठवत असेल. त्याचं नाव याच पलटणीवरून पडलं. काट्टेच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिचे तबेले तिथे आले.

तो दिसायला कसा होता?

युवराजाची थोरली बहीण विल्हेल्मिना हिने आठवणी लिहून ठेवल्या आहेत आणि त्यात तिने काट्टेला बिलकूल सोडलेलं नाही. देवीच्या व्रणांचा, रापलेला चेहरा. डोळ्यांवर उतरलेल्या काळ्याभोर भुवया. आणि नजरेत काहीतरी अशुभ, जणू पुढे काय होणार ते आधीच लिहिलेलं. शेवटचं वाक्य अर्थातच सगळं घडून गेल्यावर सुचलेलं आहे. विल्हेल्मिनाची लेखणी तिखट आणि मीठ मसाला लावायला सढळ, त्यामुळे तिच्या साक्षी थोड्या पाखडून घ्याव्या लागतात. पण तो हुशार होता, वाचलेला होता, माणसांत रमणारा होता आणि युवराजाशी असलेल्या सलगीचा त्याला थोडा तोराही होता, हे तिच्या लिहिण्यातून दिसतं.

युवराजाशी मैत्री कशी जमली?

१७२९ च्या सुमारास, गणित आणि यंत्रशास्त्राच्या शिकवणीमुळे. काट्टे आठ वर्षांनी मोठा. फ्रेडरिकला हवं होतं ते सगळं त्याच्याकडे होतं: बासरी, फ्रेंच, पुस्तकं, पाहिलेलं जग. आणि फ्रेडरिककडे होता एक असा बाप, ज्याला या चारही गोष्टी बायकी वाटत.

त्या दिवसांचा एक किस्सा सांगतात. ड्रेस्डेनचा बासरीवादक क्वांट्स युवराजाला चोरून शिकवायला येई. शिकवणीच्या वेळी फ्रेडरिक घट्ट गणवेश उतरवून जरीचा झगा चढवायचा, केस दरबारी फॅशनने बांधायचा. एकदा काट्टे धावत आत आला: राजा येतोय! त्याने बासऱ्या आणि स्वरलिपीच्या पेट्या उचलल्या, क्वांट्सचा हात धरला आणि शेगडीत लाकडं सारायच्या बोळकांडीत त्याच्यासह जाऊन उभा राहिला. क्वांट्स थरथरत होता, कारण त्याच्या अंगात लाल कोट होता आणि राजाला लाल रंगाचा तिटकारा. बाहेर राजाने झगा शोधून काढला आणि शेगडीत कोंबला. बोळकांडीतले दोघे सापडले नाहीत. हसू येतं खरं, पण पाळत ठेवणं, वर्दी देणं, पुरावा लपवणं हे काट्टेचं काम तेव्हापासूनच चालू झालं होतं.

ते फक्त मित्र होते की प्रियकर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोघांत उत्कट जवळीक होती, यात वाद नाही. फ्रेडरिकचं मन पुरुषांकडे ओढलेलं होतं, असं आज बरेच इतिहासकार मानतात. पण काट्टेबरोबरचं नातं शारीरिक होतं असं दाखवणारं कागदपत्र नाही. विल्हेल्मिना आणि राणी यांनी युवराजाच्या पत्रांची होळी केली, आणि त्यात काय होतं ते राखेबरोबर गेलं. ‘नक्की होते’ आणि ‘छे, मुळीच नाही’ असं ठामपणे सांगणारे दोघेही पुराव्यापेक्षा पुढे धावतात, असं माझं मत.

युवराजाला पळायचंच का होतं? बाप इतका वाईट होता?

होता. छडीने मारणं, चारचौघांत केस ओढणं, ताटं फेकणं, हे नेहमीचं. जून १७३० मध्ये शेजारच्या सॅक्सनीच्या शासकाने झाइटहाइन इथे मोठं लष्करी संमेलन भरवलं. युरोपभरचे पाहुणे, तीस हजार सैनिक, आणि सगळ्यांना पुरेल असा सुमारे अठराशे किलोचा एक केक, जो घोडे जुंपून आणावा लागला. अशा जत्रेत, पाहुण्यांदेखत, राजाने मुलाला झोडपलं. वर त्याला ऐकवलं की माझ्या बापाने मला असं वागवलं असतं तर मी गोळी घालून घेतली असती, पण याला अब्रूच नाही.

यामागे घरातलं राजकारणही होतं. राणी सोफिया डोरोथिया ही इंग्लंडच्या राजाची बहीण. फ्रेडरिकसाठी तिला इंग्लंडची राजकन्या हवी होती आणि विल्हेल्मिनासाठी तिथला युवराज. व्हिएन्नाच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या, बाजूची मंडळी राजाचे कान भरत होती की हे होऊ देऊ नका. १७३० च्या उन्हाळ्यात बोलणी फिसकटली. फ्रेडरिकच्या डोक्यात पक्कं बसलं: सुटका हवी तर इंग्लंड.

काट्टेने त्याला भरीस घातलं का?

चौकशीत तो म्हणाला की मी त्याला परोपरीने समजावत होतो. हेही म्हणाला की युवराज गेला असता तर मी मागोमाग गेलो असतो, पण तो जाईल असं मला कधी खरं वाटलंच नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. त्याने इंग्लंडच्या वकिलातीशी संधान बांधलं. तिथून निरोप आला की युवराजाची कर्जं फेडायला मदत करू, पण पळायची ही वेळ नव्हे. त्याने युवराजाचे पैसे, चीजवस्तू, पत्रं स्वतःकडे सांभाळली. म्हणजे ‘नको’ म्हणता म्हणता एकेक काम करत गेला. जिवलगाला नाही म्हणणं ज्यांना जमत नाही, त्यांना हे सांगायला नको.

पळून जायचा बेत फसला कसा?

अगदी पोरकटपणे. राजा दक्षिण जर्मनीच्या दौऱ्यावर निघाला आणि मुलाला बरोबर घेतलं. काट्टेने बर्लिनहून रजा काढून वाटेत गाठायचं होतं, पण त्याला रजाच मिळाली नाही. ४ ऑगस्टच्या रात्री लवाजमा श्टाइन्सफुर्ट नावाच्या खेड्यात, शेतकऱ्यांच्या कोठारांत उतरला. पहाटे अडीच-तीनला फ्रेडरिक उठला आणि खास शिवून घेतलेला लाल झगा चढवून बाहेर आला. (लाल! बापाला न आवडणारा रंग, आणि तोही काळोखात लपून जाण्यासाठी.) नोकराने आवाज न करता त्याच्या पालकाला, कर्नल फोन रोखोला, जागं केलं. काइट नावाचा हुजऱ्या घोडे घेऊन आला तेव्हा कर्नल तिथे उभा होता. बेत जागच्या जागी विरला.

दोन दिवसांत हुजऱ्याचा धीर सुटला आणि मानहाइम इथे त्याने राजाचे पाय धरले. काट्टेच्या नावाचं एक पत्र पत्त्याच्या घोळामुळे त्याच आडनावाच्या एका भाऊबंदाकडे गेलं आणि त्याने ते वर पाठवून दिलं, असंही सांगतात. एकाच फौजेत एकाच घराण्याची माणसं भारंभार असली की असं होतं.

ज्या घरात ती रात्र गेली ते श्टाइन्सफुर्टमध्ये अजून आहे. लोक त्याला ‘चंडोलाचं घरटं’ म्हणतात आणि तिथे छोटं संग्रहालय आहे.

मग काट्टे स्वतः का पळाला नाही? त्याला वेळ होता ना?

होता, आणि हेच कोडं आहे. राजाचा दूत बर्लिनला पोचायच्या आत कुजबुज पोचली होती. युवराजाचा दुसरा साथीदार, हुजऱ्याचा थोरला भाऊ लेफ्टनंट पेटर काइट, वेझेलहून वेळेत सटकला आणि हॉलंडमार्गे इंग्लंडला पोचला. काट्टे मात्र बर्लिनमध्येच राहिला. पैसे लपवायला चोरकप्पे असलेलं नवं खोगीर त्याने बनवायला टाकलं होतं आणि त्याची वाट पाहत बसला, ही एक कथा. पलटणीच्या वरिष्ठांनी अटकेच्या हुकुमाची अंमलबजावणी मुद्दाम रेंगाळत केली, त्याला निसटता यावं म्हणून, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असतील तर चित्र असं उभं राहतं: ज्यांनी त्याला पकडायचं ते थांबलेत, आणि ज्याने पळायचं तो खोगिरासाठी थांबलाय. ऑगस्टच्या मध्यावर तो पकडला गेला.

पण मधल्या काळात एक काम त्याने चोख केलं. पत्रांची पेटी राणीकडे पोचती केली. राणी आणि विल्हेल्मिनाने घातक पत्रं जाळली आणि रात्री जागून त्यांच्या जागी निरुपद्रवी मजकुराची नवी पत्रं लिहून पेटीत भरली. ही गोष्ट विल्हेल्मिनाच सांगते.

राजाने त्याला कसं वागवलं?

२७ ऑगस्टला राजा बर्लिनला परतला. काट्टेला समोर आणलं तेव्हा त्याने छडीने आणि लाथांनी त्याला तुडवलं. घरात विल्हेल्मिनालाही मार पडला. काट्टेने चौकशीत बहुतेक सगळं कबूल केलं. लपवण्यासारखं फार उरलंही नव्हतं.

खटला झाला की नुसताच हुकूम?

खटला झाला, आणि या सगळ्या प्रकरणात मान वर करून बघावं असं काही असेल तर ते या खटल्यात आहे.

बर्लिनजवळच्या क्योपेनिक राजवाड्यात २५ ऑक्टोबर १७३० ला लष्करी न्यायालय बसलं. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल आखाट्स फोन डेर शुलेनबुर्ग. त्यांच्या हाताखाली मेजर जनरल, कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर आणि कॅप्टन, प्रत्येक हुद्द्याचे तिघे. प्रत्येक हुद्द्याने मिळून एक मत द्यायचं. सगळे पगारी लष्करी लोक, सगळ्यांचं पोट राजाच्या हातात, आणि राजाला काय हवंय हे अवघ्या बर्लिनला माहीत.

पहिला मुद्दा युवराजाचा. न्यायालय म्हणालं की राजघराण्यातल्या बापलेकाचा निवाडा करायचा आम्हाला अधिकार नाही. अंग काढून घेतलं म्हणा, पण वारसाला देहदंड द्यायचा मार्गच त्यांनी बंद केला. दुसरा मुद्दा काट्टेचा. त्यावर मतं दुभंगली. काही हुद्द्यांनी देहदंड सांगितला, काहींनी जन्मभर किल्ल्यात कैद. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद साधा होता: बेत आखला, पण पार पडला नाही, पळणं घडलंच नाही. अध्यक्ष शुलेनबुर्ग सौम्य बाजूला उभे राहिले आणि निकाल लागला, जन्मठेप.

राजा भडकला. निकाल परत पाठवला आणि सोबत खरमरीत शेरा: न्याय करायला बसवलं आहे, पिसांच्या झाडणीने धूळ झटकायला नव्हे. न्यायालय पुन्हा बसलं. आणि तोच निकाल पुन्हा पाठवला. शुलेनबुर्ग यांनी लिहून दिलं की सदसद्विवेकाला स्मरून दिलेलं मत बदलता येणार नाही. जन्मभर ‘हुकूम सरआँखोंपर’ म्हणत आलेल्या माणसांनी त्या दिवशी तसं म्हटलं नाही.

मग देहदंड कुठून आला?

१ नोव्हेंबरला राजाने वुस्टरहाउझेनच्या आपल्या शिकारवाड्यातून स्वतःच्या सहीने हुकूम काढला आणि शिक्षा बदलली. हुकुमाची भाषा वाचण्यासारखी आहे. काट्टे हा राजाच्या खास पलटणीतला, शपथ घेतलेला अधिकारी. तो ‘उद्याच्या सूर्याशी’ संगनमत करून परदेशी वकिलांबरोबर फरारीचा कट शिजवत होता. खरं तर तापल्या चिमट्यांनी मांस तोडून फाशी द्यायला हवी, पण घराण्याकडे पाहून तलवारीने शिरच्छेद. लहानपणी शाळेत शिकलेलं लॅटिन वचनही राजाने त्यात घातलं: न्याय होवो, मग जग बुडालं तरी चालेल. आणि काट्टेला सांगायचा निरोप असा की राजाला वाईट वाटतं, पण जगातून न्याय नाहीसा होण्यापेक्षा याने मरणं बरं.

‘उद्याचा सूर्य’ हे शब्द मला फार बोलके वाटतात. म्हाताऱ्या होत चाललेल्या राजाला दरबारातली माणसं हळूहळू मुलाकडे तोंड वळवताना दिसत होती. काट्टेला मारून तो त्या सगळ्यांना सांगत होता की आजचा सूर्य अजून मावळलेला नाही.

घरच्यांनी काहीच केलं नाही का?

केलं. वडिलांनी दयेचा अर्ज केला. आजोबा, म्हातारे फील्ड मार्शल वार्टेन्सलेबेन, यांनीही आयुष्यभराच्या चाकरीची आठवण देऊन नातवाचे प्राण मागितले. राजाने मान्य केलं नाही.

काट्टेने स्वतः दोघांनाही शेवटची पत्रं लिहिली. वडिलांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशी की तुम्हाला केवढं दुःख होणार हे मनात आलं की मला अश्रूंत विरघळून जावंसं वाटतं. पुढे आपल्या महत्त्वाकांक्षेचा हिशेब आहे, तुम्ही माझ्याकडून काय काय अपेक्षा ठेवल्या होत्या, मला किती वर जायचं होतं. पत्र धर्मनिष्ठ शाळेत शिकलेल्या मुलाचं आहे, देवाचं नाव जागोजागी. पण मधे मधे देव बाजूला होतो आणि नुसता मुलगा दिसतो.

शेवटच्या दिवशी नेमकं काय घडलं?

बर्लिनहून क्युस्ट्रिनला त्याला त्याच्याच पलटणीच्या घोडेस्वारांच्या पहाऱ्यात नेलं. बरोबर मेजर फोन शाक आणि पलटणीचे धर्मोपदेशक म्युलर. या दोघांमुळेच शेवटचे तास आपल्याला माहीत आहेत. ५ नोव्हेंबरला मंडळी किल्ल्यात पोचली. रात्र प्रार्थनेत आणि बोलण्यात गेली, मधे थोडी झोप.

युवराज त्याच किल्ल्यात कैदेत होता आणि त्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पहाटे उठवून सांगितलं. तो रडला, गयावया केली, गादीवरचा हक्क सोडतो म्हणाला, राजाकडे स्वार पाठवा म्हणाला. राजाचा हुकूम होता की त्याने हे पाहायचं. त्याला खिडकीशी उभं केलं. सातनंतर काट्टेला बाहेर आणलं. फ्रेडरिकने खिडकीतून फ्रेंचमध्ये हाक मारली: प्रिय काट्टे, हजार वेळा क्षमा मागतो. काट्टे उत्तरला की क्षमा करण्यासारखं काही नाही, मी आनंदाने मरतो. शब्द प्रत्येक साक्षीदाराने थोडे वेगळे नोंदवले आहेत, आशय हाच.

मग निकाल वाचला. काट्टेने टोप काढला, गळपट्टी सैल केली, डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही आणि वाळूच्या ढिगावर गुडघे टेकले. एकच घाव.

फ्रेडरिकने खरंच डोळ्यांनी पाहिलं का?

घाव पडायच्या आतच तो बेशुद्ध पडला, असं बहुतेक वृत्तांत सांगतात. त्या खिडकीतून नेमकी जागा दिसत होती का, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. पण शुद्धीवर आल्यावर तो दिवसभर खिडकीशी बसून राहिला. राजाच्या हुकुमाने धड आणि शिर दुपारी दोनपर्यंत तिथेच ठेवायचं होतं. कुणीतरी त्यावर काळं कापड टाकलं होतं.

त्या दिवशी म्युलर यांनी काट्टेचा निरोप त्याला पोचवला: माझ्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेऊ नका, देवाला शरण जा आणि वडिलांचं ऐका. हा निरोप काट्टेच्या मनातला होता की राजाला हवा तसा घडवलेला? मला वाटतं दोन्ही. मरणाऱ्याला मित्र जगावा असं वाटत होतं, आणि जगायचं तर बापाचं ऐकण्याशिवाय मार्ग नव्हता.

आणखी कुणाला शिक्षा झाली?

पळालेल्या पेटर काइटची प्रतिमा फासावर लटकवली. लेफ्टनंट इंगर्सलेबेनला कैद. हुजऱ्या काइटला साधा शिपाई केलं. पण ज्या शिक्षेबद्दल वाचून आजही राग येतो ती डोरिस रिटर हिची. पोट्सडामच्या एका शाळामास्तरांची सोळा वर्षांची मुलगी. युवराज तिच्या घरी जाऊन तिच्याबरोबर गाणं-वाजवणं करायचा, एखादी भेटवस्तू दिली होती, संपलं. कटाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिला रस्त्यारस्त्यांवर उभं करून फटके मारले आणि श्पांडाउच्या कैदखान्यात सूत कातायला पाठवलं. १७३३ मध्ये सुटली. काट्टेवर नाटकं आली, चित्रं निघाली. डोरिसच्या वाट्याला तळटीप.

पुढे फ्रेडरिकने काय केलं?

बापाच्या अटींवर शपथ घेतली, क्युस्ट्रिनच्या सरकारी कचेरीत महसूल आणि शेतीचे हिशेब शिकला, १७३३ मध्ये बापाने ठरवलेल्या मुलीशी लग्न केलं. मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही ही सवय त्याला याच किल्ल्यात लागली, असं त्याचे चरित्रकार म्हणतात.

३१ मे १७४० ला राजा वारला. फ्रेडरिकने गादीवर आल्यावर पहिल्या काही दिवसांतच न्यायदानातला छळ जवळपास बंद केला. त्याच वर्षी काट्टेच्या वडिलांना फील्ड मार्शल केलं आणि काउंट ही पदवी दिली. पेटर काइट परत आला, त्याला हुद्दा आणि पगार मिळाला. मात्र त्याला वाटलं होतं तेवढी जवळीक मिळाली नाही. ज्या वडिलांना ही पदवी मिळाली, ते पुढच्याच वर्षी, १७४१ मध्ये वारले. दहा वर्षांनी आलेली ती पदवी त्यांनी कशी घेतली असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

क्युस्ट्रिन आज कुठे आहे? बघता येतं का?

पोलंडमध्ये, जर्मनीच्या सीमेवर. आताचं नाव कोस्ट्शिन. १९४५ च्या लढाईत जुना किल्ला आणि आतलं गाव इतकं उद्ध्वस्त झालं की पुन्हा उभारलंच नाही. तटबंदी आहे, दरवाजे आहेत, रस्त्यांचे दगड आणि घरांच्या पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या वर घरं नाहीत. वाड्याचा फक्त पाया उरला आहे. ती खिडकी कुठे होती ते आता आकाशात बोट दाखवूनच सांगावं लागतं.

त्याची समाधी?

आधी क्युस्ट्रिनलाच पुरलं. नंतर घरच्यांनी परवानगी काढून त्याला वुस्टला नेलं, चर्चला लागून असलेल्या, वडिलांनी बांधलेल्या तळघरात. तिथे घराण्यातल्या इतरांच्या शवपेट्या कोरीव आहेत. याची साध्या लाकडाची. एकोणिसाव्या शतकात थिओडोर फोंटाने हा लेखक ब्रांडेनबुर्गच्या प्रवासात या प्रकरणाच्या मागे लागला आणि त्याने पत्रं, वृत्तांत असं बरंच छापलं. तोवर शवपेटी उघडून बघायची पाहुण्यांना सवय लागली होती, आणि बघणारे आठवण म्हणून हाताला लागेल ते खिशात घालून नेत असत.